उंबरठा पंधराशे

बोंबील कमी होतायत, आई म्हणाली.
ती जोड्या मोजते. काल पाच गेल्या, परवा तीन.
बाबा चहात बटर बुडवत होते,
बुडवत राहिले.

माझ्याकडे एक संगणक पडून होता,
पत्त्यांच्या कॅटएवढा. पडदा नाही, कळफलक नाही,
महापेच्या ऑफिसात कुणाच्या तरी निरोपसमारंभातून उरलेला.
वेबकॅम हर्षालीचा, शाळा घरात भरायची तेव्हाचा,
मानेला अजून तिचं चमकीचं फुलपाखरू.
दोघांना श्रीखंडाच्या डब्यात बसवलं,
तापल्या खिळ्यानं डब्याला भोक,
वायर जिन्यातून खाली, मिक्सरच्या प्लगला.
आईनं ती दोनदा उपटली, वाटण करायचं होतं.
दोनदा कार्ड बिघडलं. दोनदा पहिल्यापासून.

बाबा गच्चीवर आले.
"यो डोला कनाचा रं?"
चोरासाठी आहे म्हटलं. काही हललं की फोटो काढतो.
"आनि नाय हाललं तं?"
तर काहीच नाही.
"मंग बगलाच हाय."

यात एक आकडा असतो :
किती ठिपके बदलले म्हणजे हालचाल म्हणायची.
आधीपासून पंधराशे भरलेला.
त्याला उंबरठा म्हणतात.
त्याच्या आत राहिलं ते घडलेलंच नसतं.

पहिल्या रात्री दोन हजार तीनशे फोटो.
दोरीवरचा गाऊन. गाऊन. गाऊन.
पामबीचवरून वळणाऱ्या गाड्यांचा उजेड,
भिंगासमोर पाकोळी, घारीएवढी.
उंबरठा सहा हजारांवर नेला.
दुसऱ्या रात्री एकही फोटो नाही,
सकाळी चार जोड्या कमी.
चार हजारांवर आणला.

मग आले ते.
१२:४१. गंजिफ्रॉक, पाठमोरा.
वलांडीखाली बाबा, हात वर.
कठड्यापाशी बाबा, आणि कठड्यावर तीन मांजरं,
ओळीनं, रेशनला नंबर लावल्यासारखी.
शेवटच्या फोटोत तोंड खाडीकडे.
नंतर बावीस मिनिटं काहीच नाही.
बावीस मिनिटं माणूस उभा होता
आणि उंबरठ्यापर्यंत पोचत नव्हता.

पुढच्या रात्री १:२८.
मग २:१३. मग २:५७.
मला वाटलं, वेळच चुकतेय.
या संगणकाला स्वतःचं घड्याळ नसतं,
जोडणी मिळाली की दुसऱ्याला विचारून घेतो.
तपासलं. बरोबर होतं.
मग भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथ्या पाहिल्या
आणि दिवाळ्याच्या जेट्टीवर बसवून
त्यांनीच पाठ करून घेतलेलं आठवलं :
एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड,
तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन.

भरती.

होडी विकून शिमग्याला दोन वर्षं झाली.
इंजिन रेवसच्या कुणीतरी नेलं,
जाळं माळ्यावर, हर्षालीच्या पाळण्याशेजारी.
घड्याळाचे सेल तर त्यांना कधीच बदलता आले नाहीत.
पाणी लागतं आणि ते उठतात.

आईला काय सांगायचं?

या प्रणालीत एक सोय आहे.
चित्रातला नको तो भाग काळा रंगवून द्यायचा,
तिथं काहीही हललं तरी मोजत नाही.
आज दुपारी बसून रंगवला :
कठड्याचा कोपरा,
जिन्याच्या दारापासून तिथवरची वाट,
एका माणसाच्या रुंदीची,
आणि वलांडीची शेवटची काठी.
हात जरा हलला, काळं थोडं आकाशातही गेलं.
राहू दिलं.

"घावला काय रं चोर?"
जेवताना बाबांनी विचारलं, कालवणाकडे बघत.
नाही अजून.
"मांजर आसंल," आई म्हणाली.
"आसंल," ते म्हणाले
आणि काट्याची बाजू माझ्याकडे न येईल असा
तुकडा निवडून माझ्या ताटात ठेवला.

आज षष्ठी.
सहा पाऊण साडेचार.