देखभाल कमी

सोसायटीचा अर्ज एका ओळीचा होता:
घरं अशी काढा, की पुन्हा हात लावायला नको.
खाली एकशे बारा सह्या, त्यातले चाळीसेक अंगठे.
विड्या वळून वळून रेषा पुसट झालेल्या,
शाईलाही त्या नीट सापडल्या नव्हत्या.

म्हटलं, हे मला येतं.
रंग नको, म्हणून उघडा काळा दगड.
फरशी शहाबादी, तडकली तरी शहाबादीच दिसणारी.
लिफ्ट नाही. हिरवळ तर नाहीच,
सोलापुरात हिरवळ म्हणजे दारात बांधलेला हत्ती.
बेचाळीस अंशांत भिंत कुठे फुटते
ते मला भिंतीच्या आधी कळतं.

नकाशाच्या पूर्वेला एक तुटक निळी रेघ.
पलीकडे तळं, बेशरमाची झुडपं,
थंडीत उतरणारे पट्टकादंब
आणि राखीव पाणथळीचा गंजका फलक,
ज्यावरचा पक्षी कुणालाच ओळखू येत नाही.
अलीकडे 'ड' रांग: चौदा घरं,
व्हरांडे तळ्याकडे तोंड करून.
देखणी रांग. मी तीच सगळ्यात आधी काढली होती.

मार्चमध्ये जागेवर गेलो. इरण्णाकडे टेप, माझ्याकडे फक्की.
तळ्याच्या पोटात कुणी कलिंगडं लावलेली.
सातबारा नाही, काही नाही;
पाणी हटेल तेवढी जमीन, पाणी येईल तोवर.
शरणव्वा कोळी, तिनं नाव सांगितलं.
मी रेघ दाखवली. तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला,
मग चपला काढून चालायला लागली.
आमच्या खुंट्या ओलांडून,
'ड' रांगेच्या स्वयंपाकघरांतून,
थेट मधल्या रस्त्यावर. तिथं टाच रोवली.
"परतीचा पाऊस बसला की हितवर.
दरसाल न्हाई. पर येतंय."
टाचेच्या खळग्यात शिंपल्यांचा चुरा.
इरण्णा काही न बोलता टेप गुंडाळू लागला.

कायद्यानं मी बरोबर होते. रेघ शिक्क्यासकट होती.
पण रात्री आकडेमोड केली: ओल, बुरशी, साप,
उपशाची मोटार, गोण्या, पुन्हा प्लास्टर.
ह्याला देखभाल कमी म्हणत नाहीत.
पक्ष्यांसाठी नाही, खोटं कशाला बोलू,
हिशोबासाठी मी 'ड' रांग खोडली.
पक्षी हिशोबात नंतर आले.

बैठक शाळेच्या वर्गात. मांडीवर सुपं,
तंबाखूचा खाट, ऐकतानाही बोटं चालूच.
चौदा घरं आता वरच्या मजल्यावर गेलीत, म्हणाले.
गलका झाला. गुडघे कोण देणार, तुम्ही?
उत्तर नव्हतं. चिठ्ठ्या टाकायचं ठरलं,
आणि दोघींनी तिथल्या तिथं नावं काढून घेतली.

मग दिवे. तळ्याकडच्या अंगाला खांब नकोत, म्हटलं,
पक्षी रात्री उतरतात.
नागमणी गड्डम, चेअरमन, विडीला दोरा गुंडाळत होती.
"ते अंधारला महिन्याला किती पडतंय?"
काही नाही.
"मग लिहा."
मागून कुणी म्हणालं, गारमेंटमधनं पोरी नऊला येतात.
तेही खरं होतं.
शेवटी दिवे गुडघ्याएवढे झाले,
डोक्यावर टोपी, तोंड जमिनीकडे.
पोरींना पायाखालचं दिसेल, वरच्यांना आम्ही दिसणार नाही.

अंतिम नकाशावर आता दोन रेघा आहेत.
निळी तुटक: शासकीय हद्द.
दुसरी पेन्सिलीची, थोडी वाकडी,
सूचीत तिच्यापुढे लिहिलंय: टाच, श. कोळी.
मंजुरीच्या खिडकीत कारकुनानं चष्मा वर केला.
ही कुठल्या खात्याची?
पंखा कागद उडवत होता.
मी वजन म्हणून माझा डबा ठेवला,
नेमका रेघेवर नाही, जरा अलीकडे.