नऊ छर्रे

आधी सायकल उलटी केली छपरीत.
सीट आणि हँडल जमिनीला, चाकं आढ्याकडे,
सगळी लाज सोडून.

"कायले करून राहिली तू?"
कूलरसमोरून मोरेश्वर म्हणाले,
"देऊन टाक ना दुकानात."

कोणत्या दुकानात?
इलियासभाई बसायचे तिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलीत.
उरलेत ते मोटारसायकलवाले,
ते माझ्या सायकलीकडे असे बघतात
जसं कोणी लग्नाच्या पंगतीत
घरचा डबा घेऊन आलं.

एप्रिलची दुपार. शिरसपेठेत कुत्रंही उठून बसत नव्हतं.
तेरा-पंधराचा पाना,
अर्धी वाटी डिझेल, रॉकेल मिळतं कुठे आता,
आणि निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये राहून गेलेला खडू.

पुढचं चाक मेडिकल चौकाच्या उतारावर आवाज करायचं.
कुरकुर नाही, करकर.
संसारात दोन्ही ऐकल्या आहेत,
फरक कळतो.

नट सैल, ॲक्सल बाहेर.
कपातलं ग्रीस काळं, चिवट,
फसलेल्या पाकासारखं.
इलियासभाई वरून तेल सोडायचे फक्त,
आत कोणी गेलंच नव्हतं कित्येक वर्षांत.
काडीनं एकेक छर्रा काढून वाटीत टाकला.
टिण. टिण.
डावीकडचे दहा.
उजवीकडचे नऊ.

परत मोजले.
एकतीस वर्षं गणित शिकवलंय मी नंदनवनच्या शाळेत,
नवाच्या पुढे काय येतं
ते मला कोणी सांगू नये.

फरशी झाडली. पायपुसणं झटकलं.
फुटक्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
कुंड्यांच्या मागून ओढत नेलं,
तर दोन टाचण्या, बाटलीचं बूच,
सोनालीच्या कंपासपेटीतला गंजका काटा,
जो हरवला म्हणून तिनं मार खाल्ला होता.
छर्रा नाही.

मान वर केली.
मोरेश्वर पेपर वाचत होते.
बऱ्याच वेळापासून तेच पान.

मी काही विचारलं नाही.
संध्याकाळी पायी इतवारीत गेले.
एक सुटा देत नाही म्हणाला दुकानदार, डझन घ्या.
घेतले.

नवं ग्रीस, त्यात दहा, गच्च, शेजारी शेजारी.
कोन आवळला, मग केसभर मागे घेतला.
इतकंच असतं सगळं: आवळायचं,
आणि केसभर मागे घ्यायचं,
पण ते केसभर दहा वेळा चुकतं.

मग आऊट.
फोर्कला टेकवून खडू धरला, चाक फिरवलं.
रिम जिथे फुगली होती तिथे पांढरी रेघ उमटली,
चुकलेल्या उत्तरावर मारतात तशी.
समोरच्या बाजूची तार पाव फेरा.
पाव. त्याहून जास्त नाही.
पुसलं, फिरवलं, पुन्हा रेघ, थोडी आखूड.

रात्री कूलरच्या घरघरीआडून आवाज आला.
"नालीत गेला होता थो."

मी गप्प.

"त्र्याण्णव साली. तार घालून लय कोरलं, निघालाच नाही.
तुले सकाळी शाळेत जायचं होतं.
म्हटलं, चालते नवावर."

चालली की.
पुढे दांडीवर सोनाली, मागे पेपरांचे गठ्ठे,
पावसात रेल्वेपुलाखालून, परीक्षेच्या दिवसांत अंधारातून,
एका रिकाम्या जागेवरून चालली,
आणि मी समजत होते, मलाच धाप लागते.

"सांगायचं नाही का?"
"तू मोजशीन असं कुठं वाटलं होतं मले."

उरलेले अकरा
मी त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवले. त्यांच्यादेखत. मोजून.

आऊट थोडा राहिलाच आहे.
खडू अजून एका जागी लागतो.
करकर मात्र गेली, आणि तिच्याशिवाय
पहिले दोन दिवस मी
मागे वळून वळून बघत होते.

दारासमोरच्या नालीवर सिमेंटची फरशी बसली केव्हाच.
तरी निघताना तिथे
पुढचं चाक मी हातानं उचलून घेते,
जरा अलगद.