दहा हजार लक्स

वादसोत सूर्य नोव्हेंबरअखेर जातो
आणि जाताना कुणाला सांगत नाही.
एकोणीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात
ट्यूबलाइटखाली कॉडचे काटे काढले.
कारखाना बंद पडला, तेव्हा हा कोर्स निघाला:
प्रकाशोपचार, बारा आठवडे, शेवटी परीक्षा.
भाऊ युस्ताइन म्हणाला,
"या वयात तू काय उजेड पाडणार?"

लेखी सोपी गेली.
दिवा हातभर लांब, नजरेच्या किंचित वर,
सकाळी अर्धा तास; संध्याकाळी नको, झोप रुसते.
आधी विचारा: डोळ्यांचं दुखणं? कुठल्या गोळ्या?
कधी आठवडाभर झोपच नकोशी झाली
आणि पैसा पाण्यासारखा वाहिला, असं?
असेल तर बटणाला हात लावू नका,
डॉक्टरकडे पाठवा.
एकाच प्रश्नापुढे जागा कोरी राहिली:
उपचार संपला, हे कसं ओळखाल?

प्रात्यक्षिकाला ओस्लोहून हालग्रीम ट्वाइत आले.
रुग्णही तेच व्हायचे, असा नियम.
"बोटीवरचा माणूस, वय त्रेसष्ट,"
त्यांनी कागदावरून वाचलं, "सकाळी उठवत नाही."
मी टेपने अंतर मोजलं. बटण दाबलं.
त्यांच्या कॉलरवरचा कॉफीचा डाग दिसला,
वस्तऱ्यातून सुटलेली दाढीची एक रेघ.
"दिव्याकडे बघू नका. काहीतरी वाचा."
ते माझाच गुणतक्ता वाचू लागले.
पाच मिनिटं. सात.
मग कागदावर नव्हतं ते बोलले:
"बायको जाऊन हा दुसरा डिसेंबर.
आमच्याकडे सूर्य येतो हो, खिडकीपर्यंत येतो.
मीच पडदा सारत नाही."

यावर पुस्तकात काही नव्हतं.
कारखान्यात कुणी असं बोललं, तर
आम्ही सुरी थांबवत नसू,
फक्त हात सावकाश चालवायचो.
मी टेप गुंडाळत राहिले, सावकाश.
अर्धा तास भरला. दिवा बंद केला.
थोडा वेळ दोघांनाही काही दिसेना.

जानेवारीत प्रमाणपत्र टपालाने आलं.
निळा शिक्का, तीन वर्षांची मुदत,
"संवाद"च्या रकान्यात दोन गुण कापलेले,
शेरा: कमी बोलतात.
युस्ताइनने न सांगता खिळा ठोकला,
तिरकाच.

त्याच आठवड्यात दुपारी
समुद्राच्या कडेला तांबूस काहीतरी आलं,
कुणी बोट दाखवेपर्यंत गेलं.

उद्या साडेसातला पहिल्या बाई येतील.
दिवा पुसून ठेवलाय.
खोलीत खुर्ची एकच होती.
शेजाऱ्यांकडून दुसरी आणली.