निरुद्योगी

उद्यमबागेत बाग नाही.
फाउंड्रीची काळी वाळू आहे, वजनकाट्यावर ताटकळलेले ट्रक,
आणि बंद पडलेल्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर
आमचा वर्ग. छत्तीस पदवीधर, एकतीस खुर्च्या,
तीस दिवस.
एक दिवस चुकला तरी त्या महिन्याचा भत्ता नाही.

फळ्याच्या वर कापडी फलक:
निरुद्योगी युवजनरिगे तरबेती.
अक्षरं शाळेतच शिकले, वाचता येतात,
पण पहिला शब्द माझ्या डोक्यात मराठीतच उतरतो.
कन्नडात त्याचा अर्थ एवढाच, की नोकरी नाही.
मराठीत तो आमच्या आत्यानं वापरलेला शब्द आहे,
काकांविषयी, दार लोटून, हळू आवाजात.

शेजारच्या गंगव्वाला हे सांगितलं.
ती म्हणाली, मग उद्योग म्हणजे तुमच्यात काय गं?
म्हटलं, कारखाना. किंवा धंदा. किंवा
धाकट्यानं दुधाचं पातेलं उलथलं की
आई जे ओरडते ते: नसते उद्योग!
ती इतकी हसली की नेसरगी सरांनी
आम्हा दोघींना उभं केलं,
आणि उभ्याच आहात तर परिचय करून द्या म्हणाले,
इंग्रजीत, दोन मिनिटं, नजर समोर,
हात कुठं ठेवायचे ते काल सांगितलंय.

माय नेम इज वृषाली पाखरे.
आय अ‍ॅम फ्रॉम बेळगुंदी.
माय हॉबी इज
इथे मी रोज अडते.
पहाटे चारला उठून आईबरोबर काजू फोडते,
किलोमागे पैसे, हिशेब आईच्या नावावर.
ही हॉबी धरायची का, सर?

विचारलं नाही.
कारण दर महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आत
मोबाईलवरच्या एका चौकटीत खूण करून मी कळवते
की मी कुठलंही काम करत नाही,
पुढे शिकत नाही,
आणि हे खोटं नाही.

आज यंत्रानं माझा अंगठा घेतला नाही.
लाल दिवा. दयविट्टु मत्तोम्मे.
ओढणीला पुसला. लाल.
नळाखाली धरून आले. लाल.
डावा दिला. तोही त्याला ओळखीचा वाटेना.
मागं रांग खोळंबली.
सरांनी माझा हात खिडकीकडे नेला, उजेडात.

काजूच्या टरफलाचं तेल कातडी खातं.
आधी रेषा जातात, मग पापुद्रा सुटतो,
कडांना काळं राहतं, लिंबानं घासा, राखेनं घासा.
मी म्हणणार होते, भाजलंय, सर, चुलीवर.
तोंडही उघडलं होतं.
ते बराच वेळ बघत राहिले
आणि त्यांच्या त्या अर्ध्या मराठीत म्हणाले,
आमच्या अक्कांचंबी असंच होतंय.
केसातनं फिरव. तेल लागलं की घेतंय बघ.

वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.

मी अंगठा भांगातून फिरवला,
आईनं घाईत थापलेल्या खोबरेलातून,
आणि परत काचेवर टेकवला.
माझ्यामागं गंगव्वा, तिची बोटं विडीच्या पानानं पिवळी.
तिच्यामागं इम्तियाज मुतगेकर, जो म्हणतो
रात्री तो फाउंड्रीत फक्त मामाला डबा द्यायला जातो.
त्याच्यामागं वडगावची ती अबोल मुलगी,
जिच्या नखांत मागाचे धागे.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं,
तरी प्रत्येकाचा हात आपापल्या केसांत गेला.

चहा घेऊन जिन्यानं वर आलेला पोरगा
किटली धरून तिथंच थबकला.
विचारलं त्यानं, काय झालंय,
सगळेच डोक्याला हात लावून उभे?

काचेखाली ते लहानसं चक्र
अजून फिरत होतं.