काकड

सातपूरला, त्र्यंबक रोडच्या कडेला
हरसूलची पहिली एसटी थांबते, तिथे
येसू भोये गोणपाट अंथरते.
रोहिणी सरता सरता तिच्याकडे शेवळं असतात,
जांभळट, टोकदार,
भाल्यांची मोळी बांधावी तशी जुडी.
मी वीस रुपये दिले.
वर ती मूठभर हिरवी फळं टाकायला लागली
तर म्हणालो, ही नकोत.
ती काही बोलली नाही.
एकेक फळ मोजल्यासारखं परत टोपलीत ठेवलं.

त्या रात्री माझ्या गळ्यात लोखंडाचा कीस होता.
एकतीस वर्षं लेथवर काढली,
कीस डोळ्यात गेला, नखात गेला, मोज्यात सापडला,
गळ्यात कधी नाही.
शैलाचा उपास होता म्हणून ती वाचली.
ताक देत होती आणि हसत होती.

"काकड नाय घातला ना?" येसू म्हणाली सकाळी.
"शेवळाला काकड लागतो.
दोघं एकदमच येतात रानात. उगाच येतात का?"
हे मला समजलं.
नट आणि बोल्ट एकाच पेटीत ठेवतात.

एकदा तिची दुपारची गाडी चुकली
आणि पाण्याला म्हणून ती घरी आली.
मागचं दार उघडं होतं.
रो हाउसमागे माझी पट्टी, बारा फूट बाय एकोणीस,
त्यावर गालिच्यासारखी लॉन,
दर रविवारी कापलेली, पातं पात्याला समान.
ती तांब्या हातात धरून बघत राहिली.
"हे कोण खातं?"

मी म्हणालो, कोणी नाही.

मग ती कंपाउंडपाशी वाकली.
तिथे पाइप फुटून नेहमी ओल असते
आणि मी महिन्यातून एकदा तणनाशक मारतो.
टाकळा, म्हणाली. हा कुर्डू. ही घोळ.
ह्याला नको मारू, हा आघाडा.
नखाने शेंडे खुडत गेली,
पदरात दोघांची भाजी जमली,
ती तिने शैलाला दिली नाही,
परत मातीवर टाकली.
"औषध पडलंय ह्याच्यावर."

लॉन मी उपटली नाही. पाणी बंद केलं, एवढंच.
ती मेली, आणि जे आलं ते आलं.
चेअरमन बागूल येऊन सांगून गेले, साप निघतील.
मुंगूस निघालं.
नंदिनीच्या काठाने, नाला म्हणतात हल्ली तिला,
वास सोसत चालत येत असणार ते.
गाजरगवत मात्र मी अजून मुळासकट काढतो,
हातमोजे घालून, शिव्या देत.

काकडाच्या बिया येसूनेच आणल्या.
दुधाच्या पिशव्यांत सतरा लावल्या, तीन उगवल्या,
एक टिकली.
"फळायला किती वर्षं लागतील?" मी विचारलं.
माझं वय चौसष्ट, हिशोब करणं भाग होतं.
तिने असं पाहिलं
की जणू मी विचारलं, डोंगराला किती वर्षं लागतात.
"आम्ही नाय लावत. तो असतो."

असतो.
घरी येईपर्यंत हा शब्द माझ्याबरोबर चालत होता.
आमच्या कॉलनीत काय आहे, जे असतं?
गुलमोहर नगरपालिकेने लावला, सुबाभूळ कोणी तरी,
माझं घर एलआयसीच्या कर्जाने.

यंदा शेवळं होती, काकड नव्हता.
घाटातला रस्ता रुंद झाला, येसू म्हणाली,
वळणावरची ती दोन झाडं, तीही गेली.
लोक चिंच घालतायत. चिंचेने भागतं,
पण भागतं म्हणजे भागतं.
सुट्टे पैसे परत देताना
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तुझा फळला की सांग, भाऊ."
थट्टा होती की काय, कळलं नाही.
गाडीची वेळ झाली होती.

रोप आता माझ्या कमरेला लागतं.
काल व्हर्नियर काढला जुन्या पेटीतून,
तेलाचा हात फिरवला,
बुंध्याला लावला, जमिनीपासून चार बोटं वर:
चौदा पूर्णांक दोन मिलिमीटर.
वहीत लिहून ठेवलं.
पुढच्या ओळी रिकाम्या आहेत,
तारखा टाकून ठेवल्यात शैलाने, तिच्या अक्षरात,
मला विचारलंही नाही.