सरळ शिवण

तेरवी आटोपली. आत्या सावनेरची बस धरून गेली.
मंडपवाल्याने खुर्च्या मोजल्या, एक कमी भरली.
अर्धं घर शोधलं. ती बाबाच्या मशीनसमोर निघाली.
तिथे कोण बसलं होतं, कोणी विचारलं नाही.

मशीनखाली पोतं.
इतवारीच्या ठोक दुकानांसाठी त्याने जन्मभर उशीचे अभ्रे शिवले,
त्यातून उरलेल्या पट्ट्या: चार बोटं, सहा बोटं रुंद,
फुलांच्या, चौकड्यांच्या,
एक मोरांची, मोर मानेवर कापलेले.
"फेकजो नोको, कामी येते," म्हणायचा.
चार महिने मी त्या पोत्याला वळसा घालून झाडत राहिले.

मला एवढीच शिवण येते, सरळ.
कळी नाही, गळा नाही.
बाही लावायला बसवलं होतं त्याने एका सुट्टीत,
मी रडून उठले.
"राहू दे," म्हणाला, "दुनियेतलं अर्धं काम सरळच असते."
उरलेल्या अर्ध्याचं काय, ते सांगितलं नाही.

मे लागला. गोळीबार चौकात दुपारी कुत्रंही दिसेना.
कौतिकाबाई हेडाऊ दारात, हातात नवऱ्याची बाटली,
तिला ओला पायमोजा चढवलेला.
"आटोत पाणी उकयते बाई. याले काही घालून देशीन का?"

पोत्याची गाठ सुटेना. दातांनी सोडली.
दोन पट्ट्या, सुलट बाजू एकमेकींना लावून,
तीन बाजू सरळ मारायच्या, चौथी उघडी.
मग पालटायचं. वर नाडी.
बुडवून, पिळून बाटलीला चढवायचं.
झालं. याला शिकवणं कोण म्हणेल?

पण शनिवारी चार जणी आल्या, पुढच्या शनिवारी नऊ.
निखारेंची सून. मोमीनपुऱ्यातून शाहिस्ता, आपली कात्री घेऊन.
सोनकुसरेंची छकुली, जिचे पाय पायडलला जेमतेम पुरतात.
लाइट गेली, कूलर थांबला,
मशीन पायाची, ती चालत राहिली.

शिवताना कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही.
म्हणूनच असेल,
"कसे गेले वं बाबा?" निखारेंच्या सुनेनं
सुईत दोरा ओवता ओवता विचारलं
आणि मी शिवणीवरचे डोळे न उचलता सगळं सांगितलं:
मेडिकलचा वॉर्ड, तीन पायांचं स्टूल, पहाटेचे पावणेचार.
चादरीची दुमड तो बोटांनी चाचपत होता.
"उलटी शिवली कोणं ही," म्हणाला.
मग काही म्हणाला नाही.

एकही बाई अरेरे म्हणाली नाही.
मशीन तेवढी खडखडली.
थोड्या वेळानं शाहिस्ता तिच्या अम्मीचं बोलू लागली,
कात्री न थांबवता.

"ताई, खालचा धागा संपला."
छकुलीच्या तळहातावर रिकामी बॉबिन,
तिला चिकटलेलं मेंदी रंगाचं एक सूत.
वरची रीळ पांढरी, मीच लावलेली.
खाली मी कधी पाहिलंच नव्हतं.
आजारी पडायच्या आधी त्याने भरलेली असणार.

सतरा पिशव्या झाल्या होत्या. वाटून टाकल्या होत्या.
टाके आत असतात, पालटल्यावर दिसत नाहीत,
आणि दारोदार जाऊन लोकांच्या बाटल्या
उलट्या करून पाहायच्या का?
कामठी रोडवर एखाद्या आटोच्या हँडलला
तो लटकत असेल, ओला,
पाणी थंड करत.

बॉबिन भरताना तो तिकडे बघायचा नाही.
"आवाज बदलते. कान दे."
मी चाक फिरवलं. कान दिला.
तोच आवाज, तोच, तोच,
मग घाबरून थांबले. अर्धीच भरली होती.

"चालते ताई," छकुली म्हणाली
आणि मोरांची पट्टी सुईखाली सरकवली.
"याइच्या माना कुठं हायेत?"

पोत्यात पाहा, म्हटलं.
असतील.