मोजणी

मागच्या सीटवर तंबाखूची सहा रोपं,
पट्टा लावून बसवलेली.
गाळलेल्या हवेत वाढलीत ती, काचेच्या खोलीत;
बाहेरचा श्वास अजून एकही घेतलेला नाही.
वर चढताना मी गाडीच्या खिडक्या बंद ठेवते.
आपल्याकडून तेवढं.

बार्सिलोनाहून विकचं पठार सत्तर किलोमीटर.
वाराही हाच रस्ता घेतो:
दहाच्या सुमारास समुद्रावरून निघतो,
आमच्या गाड्यांचा उच्छ्वास पोटात घेऊन
कोंगोस्तच्या चिंचोळ्या खिंडीतून
उन्हात शिजत शिजत
चारपर्यंत पोचतो वेलांवर.
इथले लोक त्याला मारिनादा म्हणतात,
माहेरी आलेल्या लेकीला हाक मारावी तसं.
धूर नाही, वास नाही. आभाळ निळंशार,
तक्रार कुणाकडे करणार?

माझं काम मोजण्याचं.
एका हातात पान, दुसऱ्यात तक्ता:
पाच टक्के, वीस, चाळीस.
पानाच्या वरच्या अंगाला बारीक फिकट ठिपके,
शिरा सोडून मधल्या जागेत,
कुणी मीठ शिंपडावं
आणि ते विरघळायचं सोडून रुतून बसावं, तसे.
खालचं जुनं पान आधी जातं.
मी आकडा लिहिते, पेन्सिलनं,
पावसात शाई पसरते म्हणून.

शाळेतली केराल्त, वय नऊ, पुढचा दात पडलेला,
कुंड्यांना पाणी घालता घालता विचारते:
ओझोन म्हणजे ती वरची छत्री ना?
मग ती खाली पडली का?
नाही गं, ही वेगळी, इथंच झालेली, म्हणते मी,
आणि पुढचं वाक्य
तिच्या वयात बसवता येत नाही.

सादुर्नी घेवडा लावतो.
गेल्या वर्षी त्याचा एक नळ तुंबला,
कुंपणाकडच्या तीन ओळी कोरड्याच राहिल्या.
शेंगा तिथं बोटभरसुद्धा नाहीत, पण पान हिरवं.
रोज पहाटे पाणी प्यालेल्या ओळी मात्र
जुलै संपायच्या आत
जुन्या पत्र्यासारख्या तांबूस.
टोपी मागे सारून म्हणाला,
हे उफराटं कसं?

बांधावर बसून मी सांगितलं:
पानाच्या पाठीला हजारो तोंडं असतात.
पाणी पुरेसं असलं की ती उघडी राहतात,
वाफ बाहेर, हवा आत,
येईल ती. निवडून घेता येत नाही.
तहानलेलं पान तोंड मिटून बसतं,
म्हणून वाचतं.

बराच वेळ तो नखातली माती काढत राहिला.
म्हणजे पोटभर पाजलं, हा माझा गुन्हा?
मी नाही म्हटलं.
पुरेसं मोठ्यानं नाही.

तुमच्या शहरात रात्री काय होतं याचं? त्यानं विचारलं.
शहरात विरतं, बरंचसं. आमचा ताजा धूरच त्याला खातो.
आणि इथं?
इथं, वर टेकड्यांवर, राहतं रात्रभर.
खायला कुणी नाही.
तो हसला. त्या हसण्याचा
कुठल्याच तक्त्यात टक्का नव्हता.

आज पोचले तेव्हा पंप चालू होता.
सगळ्या ओळी भिजलेल्या, कुंपणाकडच्याही.
मी काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला,
तोंड मिटून शेंग धरत नाही, बाई.
आणि डोक्याएवढी कोबी दिली, वर्तमानपत्रात बांधून.

नवी रोपं लावली. पहिली वाऱ्याची झुळूक
त्यांच्या अंगावरून गेली; छान डोलली ती.

परतताना ग्रानोल्येर्सपाशी रांग,
तीन पदरी, इंजिनं चालू.
सत्तर गुणिले दोन, गुणिले उन्हाळ्यातले गुरुवार;
हा हिशेब मी तोंडी करते,
कागदावर त्याला रकाना नाही.
शेजारच्या सीटवर कोबी.
पुढची गाडी सरकते.
मी सरकते.